परदेशात स्टेक मागवताना: आधी कट, मग वजन, मग भाजणं

अमेरिकेत ‘मीडियम’ मागवायची सवय झालेला माणूस पॅरिसला जातो, मेनूवरचा ‘आ प्वाँ’ हा शब्द मीडियमच्या जागी धरतो आणि ताटात आतून लाल स्टेक येतो. हाच माणूस पुढे ब्युनोस आयर्समध्ये ‘आ पुंतो’ म्हणतो, तर तिथे जवळजवळ पूर्ण शिजलेला तुकडा समोर येतो. दोन्हीकडे स्वयंपाकघराने बरोबरच केलेलं असतं. चूक होते ती एका देशाची मोजपट्टी दुसऱ्या देशात लावल्यामुळे, आणि त्याहून जास्त वेळा ऑर्डरचा क्रम उलटा केल्यामुळे. बहुतेक जण आधी ‘किती भाजलेला’ ते ठरवतात आणि मग मेनूवर परवडेल त्या कटावर, म्हणजे जनावराच्या ठरावीक भागातल्या तुकड्यावर, बोट ठेवतात. आपली आवड आधी ओळखून ठेवा, पण ऑर्डर देताना क्रम याच्या बरोबर उलट हवा.

स्टेक घरी कसा भाजायचा हा वेगळा विषय आहे. इथे फक्त परक्या देशात तो हवा तसा ताटात कसा येईल, एवढंच बघू.

## टप्पा १: आतून कसा हवा, ते निघण्याआधीच ठरवा

रेअर, मीडियम हे शब्द क्षणभर बाजूला ठेवा. मधोमध कापल्यावर रंग कोणता दिसावा आणि आतला भाग कोमट चालेल की गरमच हवा, या दोन प्रश्नांची उत्तरं आधी स्वतःला द्या. अमेरिकी रेस्टॉरंटांत साधारण चालणारी मोजपट्टी अशी आहे. तापमान मांसाच्या मध्यभागाचं आहे:

- रेअर: ४९ ते ५२ अंश सेल्सिअस. मधोमध लाल, जेमतेम कोमट, दाबल्यावर लिबलिबीत.
- मीडियम रेअर: ५४ ते ५७ अंश. मध्य लालसर, कडेला गुलाबी, उबदार आणि रसाळ.
- मीडियम: ६० ते ६३ अंश. आतून गुलाबी, गरम, थोडा घट्ट.
- मीडियम वेल: ६५ ते ६८ अंश. मधोमध गुलाबी रंगाची फिकट रेघ.
- वेल डन: ७१ अंशांच्या पुढे. पूर्ण करडा-तपकिरी, घट्ट.

आपल्याकडे मटण हाडापासून सुटेपर्यंत शिजवतात आणि ते योग्यच आहे. त्या तुकड्यांत चिवट जोडऊती असते, ती दीर्घ शिजवण्यानेच विरघळते. स्टेकचे कट मुळात जनावराच्या कमी राबणाऱ्या भागातले, मऊ. त्यांत विरघळायला फारसं काही नसतं. जास्त आच दिली की फक्त पाणी पिळून निघतं आणि मांस कोरडं होतं. ‘नीट शिजवा म्हणजे मऊ होईल’ हा आपला नेहमीचा हिशोब इथे चालत नाही. पहिल्यांदाच खात असाल तर अमेरिकी मीडियमपासून सुरुवात करा आणि आवडलं तर पुढच्या वेळी एक पायरी खाली उतरा, असं मी सुचवेन. थेट रेअरवर उडी मारणारे पुष्कळदा पहिल्या घासालाच स्टेकवर कायमची फुली मारतात.

तपासा: ताटात उतरणारा लाल रस हे रक्त नसतं. ते मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे लाल दिसणारं पाणी असतं. ते बघून ‘कच्चा आहे’ असा निष्कर्ष काढू नका.

सावधान: गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी कमी भाजलेलं मांस टाळावं. अमेरिकेच्या कृषी विभागाची शिफारस अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं विश्रांती, तर खिम्यासाठी ७१ अंश अशी आहे. म्हणजे रेअर आणि मीडियम रेअर या शिफारशीच्या खालीच येतात. ते मागवणं हा जाणून घेतलेला निर्णय असावा. अखंड तुकड्यावर जंतू मुख्यतः बाहेरच्या बाजूला असतात आणि तव्यावर तीच बाजू तापते. खिमा करताना बाहेरचं आत जातं. म्हणून स्टेक मीडियम रेअर खाणाऱ्यानेही बर्गरला तोच नियम लावू नये.

## टप्पा २: कट निवडा, आणि तो त्या देशाच्या नावाने ओळखा

कट ठरला की भाजण्याची मर्यादा आपोआप ठरते.

टेंडरलॉइन म्हणजे फिले: चरबी जवळपास नाही, अतिशय मऊ. मीडियमच्या पुढे गेला की कापसासारखा लागतो. रिबआय: आत चरबीच्या रेषा. त्या नरम व्हायला थोडी आच लागते, म्हणून मीडियम रेअर ते मीडियम हाच त्याचा पट्टा, आणि मीडियम वेललाही तो बऱ्यापैकी तग धरतो. फ्रान्समधले बाव्हेत आणि ओंग्ले, अर्जेंटिनातला एंत्रान्या, अमेरिकेतला स्कर्ट हे पातळ, लांब धाग्याचे कट. चव दणदणीत, पण जास्त भाजले की चामट होतात.

तुम्हाला वेल डनच हवा असेल तर जाड फिले मागवू नका. बाहेरून करपेल आणि आत तरी गुलाबी राहील. फिलेच हवा असेल तर मधून चिरून उघडून भाजायला सांगा. अमेरिकेत याला ‘बटरफ्लाय’ म्हणतात आणि कोणतंही स्टेकहाउस हे करून देतं.

आता नावांचा घोळ. हा भाग घाईत वाचू नका, पैसे इथेच वाया जातात.

- ब्रिटनमधला ‘सरलॉइन’ म्हणजे अमेरिकेतला ‘न्यूयॉर्क स्ट्रिप’. अमेरिकेतला ‘सरलॉइन’ हा ब्रिटनमधल्या ‘रम्प’च्या जवळचा, स्वस्त आणि थोडा चिवट.
- जर्मनीतला ‘रम्पस्टेक’ हा ब्रिटिश रम्प नव्हे. तो कमरेच्या वरच्या भागातला, म्हणजे पुन्हा स्ट्रिपच.
- ऑस्ट्रेलियात ‘स्कॉच फिले’ म्हणजे रिबआय, ‘आय फिले’ म्हणजे टेंडरलॉइन. तिथला ‘पोर्टरहाउस’ बहुधा बिनहाडाचा स्ट्रिप असतो. अमेरिकेतला पोर्टरहाउस हाडासकट आणि भलामोठा.
- फ्रान्सचा ‘आंत्रकोत’ रिबआयच्या जातीचा, ‘फो-फिले’ स्ट्रिपच्या. नावात फिले आहे म्हणून तो टेंडरलॉइन समजू नका.
- अर्जेंटिनातल्या ‘बिफे दे चोरिसो’चा चोरिसो सॉसेजशी काही संबंध नाही. तो जाडजूड स्ट्रिप आहे. रिबआय हवा तर ‘ओहो दे बिफे’, टेंडरलॉइन हवा तर ‘लोमो’.
- अमेरिकेतला ‘प्राइम रिब’ स्टेक नसून मोठ्या रोस्टमधून कापलेला काप असतो. सबंध रोस्ट आधीच भाजून झालेला असतो, त्यामुळे तुम्ही सांगितलेली पातळी म्हणजे फक्त ‘मधला काप द्या की कडेचा’ एवढाच अर्थ उरतो.

सावधान: ‘स्टेक तार्तार’ म्हणजे कच्चा खिमा. भाजलेला नसतोच. नावात स्टेक बघून मागवणारे आणि ताट आल्यावर हबकणारे दर मोसमात भेटतात. ‘स्टेक आशे’ म्हणजे खिम्याची टिकिया. फ्रान्समध्ये तीही आतून गुलाबी येऊ शकते, मुलांसाठी घेत असाल तर ‘त्रे बियाँ क्वी’, म्हणजे पूर्ण शिजलेली, असं स्पष्ट सांगा. ब्रिटनमधला ‘गॅमन स्टेक’ डुकराचा.

## टप्पा ३: वजन आणि दर समजून घ्या

फ्लॉरेन्समध्ये ‘बिस्तेक्का आल्ला फियोरेंतिना’ मागवताना हा टप्पा गाळणाऱ्यांना बिलाचा धक्का बसतो. मेनूवर लिहिलेली किंमत बहुधा सबंध स्टेकची नसते, ती एका एत्तोची असते. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. मेनूवर समजा ६ युरो लिहिलंय आणि तुकडा १,२०० ग्रॅमचा निघाला, तर बिल ७२ युरो, आणि वजनात हाडही धरलेलं. एक किलोच्या खालचा तुकडा सहसा कापतच नाहीत, कारण जाडी किमान तीन बोटं हवी. त्यामुळे ही डिश दोघा-तिघांतच घ्यायची. चांगल्या त्रात्तोरियात कच्चा तुकडा आधी टेबलापाशी आणून दाखवतात. वजन तेव्हाच विचारा, एत्तोने गुणा आणि मगच मान हलवा. भाज्या, बटाटे, शेंगदाण्यांएवढे पांढरे फाजोली, म्हणजे घेवड्याचे दाणे, वेगळे मागवायचे, आणि ‘कोपेर्तो’ नावाचा माणशी आकारही बिलात येतो.

अमेरिकेतल्या महागड्या स्टेकहाउसात बाजूचे पदार्थ बऱ्याचदा वेगळ्या दराने असतात आणि टिप १८ ते २० टक्के धरावी लागते. जपानमध्ये वाग्यू, म्हणजे तिथल्या खास जातींचं भरपूर चरबीचं बीफ, ग्रॅमवर मिळतो. १०० ते १५० ग्रॅम वाचून कमी वाटेल, पण ए-५ या सर्वांत वरच्या दर्जाच्या मांसात चरबी इतकी असते की त्यावर मागवलेला बहुधा ताटात उरतो.

तपासा: ‘आँत्रे’ या शब्दाचा अर्थ अमेरिकेत मुख्य पदार्थ, फ्रान्स-ऑस्ट्रेलियात सुरुवातीचा. स्टेक त्या यादीत दिसला तर आकार विचारून घ्या.

## टप्पा ४: देशाची मोजपट्टी लावा

फ्रान्स. चार पायऱ्या: ब्लअ, सेन्याँ, आ प्वाँ, बियाँ क्वी. सगळी शिडी अमेरिकेपेक्षा एक पायरी खाली सरकलेली आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. ब्लअ म्हणजे बाहेरून नुसता चटका, आत जवळपास कच्चा आणि गार. सेन्याँ म्हणजे रेअर. आ प्वाँ म्हणजे अमेरिकी मीडियम रेअर. अमेरिकी मीडियम हवा तर ‘आ प्वाँ’ आणि ‘बियाँ क्वी’ यांच्या मधला मागा. गुलाबी अजिबात नको असेल तर ‘त्रे बियाँ क्वी’ म्हणा, कारण नुसत्या बियाँ क्वीत मधोमध गुलाबी छटा राहू शकते. वेटर ‘केल क्वीसों?’ असं विचारेल, तो हाच प्रश्न. बदकाच्या मॅग्रेला आणि कोकराच्या मांसालाही तो विचारला जातो. तिथे ‘रोझे’ म्हणजे गुलाबी हे नेहमीचं उत्तर. पॅरिसच्या ‘ल रले द लांत्रकोत’मध्ये तर मुख्य पदार्थ एकच, स्टेक आणि फ्राइज. मेनू चाळायचाच नसतो, वेट्रेस थेट क्वीसों विचारते. उत्तर तयार ठेवून बसा.

इटली. आल सांग्वे, मेदिया कोत्तुरा, बेन कोत्ता. साध्या स्टेकला या तिन्ही चालतात. फियोरेंतिनाला नाही. ती आल सांग्वेच येते, बाहेर काळपट खमंग, आत लाल. ‘बेन कोत्ता’ मागितलं तर अनेक ठिकाणी नम्रपणे नाही म्हणतात, आणि मला ते पटतं: चार-पाच सेंटिमीटर जाडीचा तुकडा पूर्ण शिजेपर्यंत बाहेरचा कोळसा होईल. लाल चालत नसेल तर हट्ट न करता ‘पेपोसो’ मागवा. वाइन आणि भरपूर मिरीत तासन्‌तास शिजवलेलं हे टस्कनीचं मांस आपल्या जिभेला लगेच आपलं वाटतं.

अर्जेंटिना. इथे शिडी वर सरकलेली. हुगोसो, आ पुंतो, बिएन कोसिदो. निखाऱ्यांवर सावकाश, जाड मिठाने भाजायची पद्धत आणि लोकांची आवड दोन्ही जास्त शिजवण्याकडे झुकलेल्या. मीडियम रेअर हवा तर ‘हुगोसो’ सांगा. आ पुंतो म्हणजे मीडियम ते मीडियम वेल. अगदी लाल हवा तर ‘बुएल्ता इ बुएल्ता’, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुसता उलटून. जेवण रात्री नऊनंतर सुरू होतं. सातला पोचलात तर निखारेही धरलेले नसतात. ‘पारिशादा’ या मिश्र थाळीत आतडी, ग्रंथी आणि रक्ताचं सॉसेज असतं, हे ठाऊक असू द्या. सोबत कोणी शाकाहारी असेल तर ‘प्रोवोलेता’, निखाऱ्यावर वितळवलेलं चीज, हा चांगला आधार.

ब्राझील. माल पासादो, आओ पोंतो, बेम पासादो. रोडीझियो पद्धतीत वेटर सळया घेऊन टेबलाटेबलावर फिरतात आणि एकाच सळईवर कडेचा भाग जास्त, आतला कमी भाजलेला असतो. तिथे पातळीचं नाव घेण्यापेक्षा हवा तो भाग बोटाने दाखवा. पहिल्या तीन सळयांवर पोट भरू नका, पिकान्याची, म्हणजे पुठ्ठ्यावरच्या चरबीच्या थरासकट येणाऱ्या कटाची, वाट बघा.

स्पेन. पोको एचो, आल पुंतो, मुई एचो. बास्क प्रांतातल्या सायडर-घरांत मात्र मोठा हाडाचा स्टेक न विचारताच लाल येतो.

जर्मनी. ‘मीडियम’ सर्रास चालतो. ‘इंग्लिश’ किंवा ‘ब्लूटिश’ म्हणजे रेअर, ‘दुर्ख’ म्हणजे पूर्ण शिजलेला. म्युनिक-फ्रँकफर्टला नोकरीसाठी गेलेल्यांनी ‘इंग्लिश मेनू आहे का’ असं विचारताना हा शब्द स्टेकच्या वाक्यात येऊ देऊ नये.

अमेरिका. वरची मोजपट्टी इथलीच. दोन पायऱ्यांच्या मधलं हवं असेल तर ‘मीडियम रेअर प्लस’ म्हणतात. ‘पिट्सबर्ग’ म्हणजे बाहेरून काळा, आतून गार लाल. शहराचं नाव बघून कुतूहलाने मागवू नका.

जपान. रेआ, मिदियामु, वेरुदान. भरपूर चरबीचा वाग्यू रेअर मागवणं मला व्यर्थ वाटतं. चरबी वितळली नाही तर तोंडात मेणचट लागते. मीडियम रेअर ते मीडियम मागवा. स्वस्त ठिकाणी चौकोनी तुकड्यांचा ‘सायकोरो स्टेक’ बऱ्याचदा लहान तुकडे जोडून केलेला असतो, तो आणि ‘हंबागू’, म्हणजे खिम्याची टिकिया, पूर्ण शिजवूनच खा.

तैवान आणि चीन. इथे शब्दांऐवजी दहापैकी किती भाग शिजला ते सांगतात, आणि बाहेरच्या माणसाला हीच पद्धत सर्वांत सोपी जाते. सान फन शू म्हणजे तीन भाग, साधारण मीडियम रेअर. वू फन म्हणजे पाच, मीडियम. छी फन म्हणजे सात, मीडियम वेल. छ्वान शू म्हणजे पूर्ण. तैवानच्या रात्रबाजारात स्टेक तापलेल्या लोखंडी थाळीवर नूडल्स आणि अंड्यासह येतो. थाळीवर तो पुढेही शिजत राहतो, म्हणून एक पायरी कमी सांगा.

मुंबई, पुणे, गोवा. महाराष्ट्रात २०१५पासून गाईबरोबरच बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे मेनूवर नुसतं ‘टेंडरलॉइन’ किंवा ‘बफ’ लिहिलेलं मांस बहुधा म्हशीचं असतं. ते मुळातच गडद आणि कमी चरबीचं. रंगावरून अंदाज घेतलात तर शिजलेलाही कमी शिजलेला वाटेल. मीडियमवर थांबा; वेल डन मागवलं तर ते हमखास वातड होतं. पपई लावून मऊ केलेलं असेल तर वरचा थर भुसभुशीत लागतो, तेव्हा मॅरिनेशन विचारून घ्या. गोव्यात बीफ उघडपणे मिळतं, पण बऱ्याच साध्या खानावळींत सवय चिली फ्राय आणि रोस्टची आहे, म्हणजे पूर्ण शिजवण्याची. गुलाबी हवा असेल तर आवर्जून सांगावं लागतं.

सावधान, बीफ न खाणाऱ्यांसाठी: मासळी किंवा कोंबडी मागवली तरी सॉस तपासा. फ्रेंच पद्धतीच्या ब्राउन सॉसचा पाया सहसा वासराच्या किंवा गाईच्या हाडांचा असतो. बेल्जियममधले फ्राइज परंपरेने गोवंशाच्या चरबीत तळतात, ब्रिटनमध्येही काही ठिकाणी. विचारल्याशिवाय हे कोणी सांगत नाही.

## टप्पा ५: ऑर्डर या क्रमाने द्या

१. कटाचं नाव सांगा, आणि तो हाडासकट आहे का ते विचारा.
२. वजन विचारा. जाडीही विचारा. एक सेंटिमीटरच्या पातळ स्टेकवर मीडियम रेअर साधणं कठीण. बाहेर रंग येईपर्यंत आत शिजून जातो.
३. स्थानिक शब्दात पातळी सांगा आणि लगेच रंग जोडा: ‘मधोमध गुलाबी, लाल नको’. हे एक वाक्य फोनवर त्या भाषेत लिहून ठेवा. शब्दाबद्दल गैरसमज होऊ शकतो, रंगाबद्दल सहसा होत नाही.
४. सॉस बाजूला मागा. मिरीचा किंवा बेआर्नेज सॉस वर ओतून आला की आतला रंग दिसत नाही आणि तक्रार करायला जागा उरत नाही.
५. टेबलावर चौघांना चार पातळ्या हव्या असतील तर प्रत्येकाने आपली स्वतः सांगा. एकाने सगळ्यांच्या वतीने सांगितलं की ताटांची अदलाबदल ठरलेली.

शंका असेल तेव्हा कमी भाजलेला मागा. कमी असलेला पुन्हा तव्यावर जाऊ शकतो, जास्त झालेला मागे येत नाही.

## टप्पा ६: ताट आल्यावर

पहिला काप कडेने घेऊ नका. कड नेहमीच जास्त शिजलेली असते. बरोबर मधोमध कापा आणि रंग बघा. अमेरिकेत वेटर स्वतःच ‘कापून बघा’ म्हणून उभा राहतो. इतर देशांत ते तुम्ही करायचं आणि तो लांब जाण्याआधी.

मेणबत्तीच्या पिवळ्या उजेडात गुलाबीही तपकिरी दिसतो. फोनचा दिवा क्षणभर लावायला संकोच करू नका.

हवा त्यापेक्षा एक पायरी कमी असेल तर लगेच परत करू नका. जाड तुकडा आचेवरून उतरल्यावरही आतून दोन-चार अंश चढत राहतो. दोन मिनिटं थांबून पुन्हा बघा. तरीही कमी वाटला तर तेव्हाच सांगा. अर्धा संपवून केलेली तक्रार कुठल्याही देशात कोणी मनावर घेत नाही. ‘थोडा आणखी’ असं मोघम न म्हणता हवा तो रंग सांगा.

धागा आडवा कापा. बाव्हेत, एंत्रान्यासारख्या कटांत मांसाचे धागे स्पष्ट दिसतात. सुरी त्यांच्या दिशेने चालवली तर उत्तम भाजलेला स्टेकही चघळत बसावं लागतं आणि दोष स्वयंपाक्याला जातो.

उरलाच तर बांधून घ्या, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये तापवला की मीडियम रेअरचा वेल डन होतो. पातळ काप करून गारच सॅलडवर घ्या, किंवा गरम तव्यावर एका बाजूने काही सेकंद टेका आणि उतरवा. मुलांना किंवा गरोदर बाईला तो द्यायचा असेल तर मात्र पूर्ण गरम करूनच द्या, कोरडा झाला तरी चालेल.